चित्रांच्या आवडीतून चित्रविक्रीचा व्यवसाय: सुरुवात कशी करावी?

रंगसंगत (प्रश्न)

नमस्कार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि कोल्हापुरात घडलेल्या वास्तववादी चित्रकारांची चित्रे पाहणे, त्यांच्याविषयी वाचणे आणि ऐपतीप्रमाणे एखादे विकत घेणे हा माझा कॉलेजच्या दिवसांपासूनचा छंद आहे. आबालाल रहिमान, धुरंधर, त्रिंदाद, हळदणकर ही आमच्या घरात रोजच्या बोलण्यातली नावे आहेत. आता निवृत्ती जवळ आली असून याच विषयात चित्रविक्रीचा लहानसा व्यवसाय करावा, असे मनात आहे. दालन भाड्याने घेण्याइतके भांडवल नाही. घरातील एक खोली आणि स्वतःचा संग्रह एवढेच हाताशी आहे. सोबत वारली चित्रेही ठेवावीत, असा विचार आहे. सुरुवात स्वतःच्या संग्रहातून करावी का आणि कायद्याच्या दृष्टीने काय पाहावे लागते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी चौकट

दालनाची चिंता तूर्त सोडून द्या. जुन्या चित्रांचे गिऱ्हाईक रस्त्यावरून आत शिरत नाही. ते कोणाच्या तरी ओळखीने येते आणि चित्राआधी तुम्हाला पारखून घेते. भांडवल मात्र चित्रांत अडकते आणि उत्तम चित्रही वर्षानुवर्षे भिंतीवर राहू शकते, म्हणून आरंभी चित्रे विकत घेण्यापेक्षा मालकाच्या वतीने विकून कमिशन घेणे शहाणपणाचे ठरेल. त्यासाठी किमान किंमत, कमिशन, मुदत, वाहतुकीची व विम्याची जबाबदारी आणि चित्राची आजची अवस्था दाखवणारी छायाचित्रे यांसह लेखी करार करावा. मालक नात्यातला असेल तर तो अधिकच आवश्यक समजावा.

स्वतःच्या संग्रहातून सुरुवात जरूर करा. मात्र जी चित्रे विकायची नाहीत, ती येणाऱ्यांच्या नजरेस पडू देऊ नका. गिऱ्हाईकाने नेमके तेच मागितले आणि तुम्ही नकार दिला, की बाकीचे सगळे त्याला उरलासुरला माल वाटू लागते.

रसिक चित्र समोरून पाहतो, व्यापाऱ्याने ते आधी उलटे करावे. कॅनव्हास ताणलेली लाकडी चौकट, खिळ्यांचा गंज, फ्रेमवाल्याची चिठ्ठी, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या एखाद्या प्रदर्शनाचे लेबल, कोणा मालकाने पेन्सिलीने लिहिलेली ओळ, यांवरून चित्र कोणाकडून कोणाकडे गेले याचा माग लागतो आणि किमतीचा मोठा भाग त्या मागावरच उभा असतो. नवी फ्रेम करताना हे सगळे कचऱ्यात टाकणारे कारागीर कमी नाहीत, तेव्हा फ्रेमवाल्यासमोर स्वतः उभे राहा. जलरंगाचा कागद उजेडासमोर धरल्यास व्हॉटमन कंपनीचे जलचिन्ह आणि क्वचित वर्षही दिसते. वार्निशावर मागाहून केलेली सही अतिनील दिव्याखाली बहुधा काळपट, वेगळी उठून दिसते. टायटॅनियमचा पांढरा रंग चित्रकारांच्या हाती १९२० च्या आसपास आला. १९०५ सालच्या म्हणवणाऱ्या चित्राच्या मूळ थरात तो प्रयोगशाळेत सापडला, तर सहीची चर्चा करण्यात अर्थ नाही. धुरंधरांची चित्रे पोस्टकार्डांवर व पुस्तकांत भरपूर छापली गेली, त्यामुळे काचेआड बसवलेले चित्र आधी बाहेर काढून भिंगाखाली घ्या. छपाईचे ठिपके लपत नाहीत.

कलमदान

१९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले चित्र पुरावशेष ठरते आणि पुरावशेषांच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. अशा चित्रांची नोंदणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे करावी लागते आणि ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत. धुरंधरांचा जन्म १८६७ चा, मृत्यू १९४४ चा. म्हणजे त्यांचे बरेचसे काम ही रेषा ओलांडून गेलेले आहे आणि दरवर्षी आणखी काही ओलांडते. रवि वर्मांच्या चित्रांना तर वयाचा निकष न लावताच निर्यातबंदी आहे.

दुसरे म्हणजे, चित्र विकत घेतले तरी त्याचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट, म्हणजे ते छापण्याचा व त्याच्या प्रती काढण्याचा हक्क) आपोआप येत नाही. तो चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. धुरंधरांच्या बाबतीत तो २००४ च्या अखेरीस संपला. हळदणकर १९६८ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या बाबतीत तो २०२८ च्या अखेरपर्यंत चालेल. त्यांच्या चित्राची दिनदर्शिका काढायची असल्यास तो हक्क कोणाकडे आहे हे शोधून परवानगी घ्यावी लागेल.

गेरू

वारली चित्रांचा व्यवहार वेगळा आहे, कारण तेथे बहुतेक चित्रकार हयात आहेत. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, तरीही बाजारात आजही ‘वारली’ एवढ्याच नावावर, चित्रकाराचा उल्लेख न करता माल विकला जातो. तुम्ही चित्रकाराकडून थेट घ्या, रक्कम तिथेच चुकती करा, चित्रामागे त्याचे नाव, गाव व तारीख त्याच्याच हाताने लिहून घ्या आणि बिलावरही ते नाव छापा. भौगोलिक मानांकन मिळालेली ही कला आहे. शहरात बसून काढलेल्या नकला तिच्या नावाने विकू नका.

रंगसंगत

सर्वांचे आभार. एक शंका उरते. माझ्याकडे हळदणकरांचे म्हणून घेतलेले एक जलरंगचित्र आहे, पण त्यावर सही नाही आणि कागदपत्रेही नाहीत. ते विकावे का?

जुनी चौकट

विकता येईल, पण हळदणकरांचे म्हणून नाही. बिलावर ‘हळदणकरांच्या वळणाचे, सही नाही’ असे स्पष्ट लिहा आणि किंमतही तेवढीच ठेवा. तोंडी मात्र ‘त्यांचेच असावे’ असे एकदाही म्हणू नका. विकण्याची घाई नसेल, तर त्याआधी त्यांच्या निर्विवाद जलरंगांशेजारी ते एखाद्या जाणकाराला दाखवा. ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याकडे जुने पत्र किंवा घरातला फोटो आहे का, हेही विचारा. पाठीमागे भिंतीवर ते चित्र दिसणारा एखादा जुना कौटुंबिक फोटोसुद्धा उपयोगी पडतो.