आईबाबांना घेऊन रेगेन्सबुर्ग, एका दिवसात जमेल?

मंडळी, नमस्कार.
आईबाबा पुण्याहून आलेत. शनिवारी त्यांना म्युनिकहून रेगेन्सबुर्गला नेऊन रात्री परत यायचा विचार आहे. दोघंही सत्तरीतले. बाबांचा गुडघा कुरकुरतो, आई शाकाहारी. काय दाखवू, काय गाळू?
– म्युनिकचा नवा सभासद

---

नमस्कार,
दर उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आईबाबा माझ्या वाट्याला येतातच, त्यामुळे अनुभवाने सांगते. बायर्न तिकीट (बव्हेरिया राज्यात चालणारं एका दिवसाचं रेल्वे तिकीट) काढा, तिघांत एकच पुरतं, आणि शनिवारी सकाळी नऊपर्यंत थांबायची अटही नाही. दीड तासात पोचाल. जुन्या गावात सगळीकडे दगडी फरसबंदी, तेव्हा चपला नकोत, बूट.

डोमचे (इथल्या मोठ्या चर्चचे) कळस १०५ मीटर उंच, ते आपोआप दिसतील. बाबांना मागच्या गल्लीत न्या. तिथे पोर्टा प्रेटोरिया आहे, इ. स. १७९ च्या रोमन छावणीचं दार. आपल्याकडे तेव्हा सातवाहन! ते आता चक्क एका इमारतीच्या भिंतीत बसलंय, म्हणून निम्मे लोक न बघताच पुढे जातात.

जुन्या राटहाउसमध्ये (नगरभवनात) पवित्र रोमन साम्राज्याची सभा १६६३ साली बसली ती १८०६ पर्यंत उठलीच नाही. १४३ वर्षांचं भिजत घोंगडं! (मंडळाची वार्षिक सभा लांबते म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) जर्मनमध्ये काम रेंगाळत ठेवण्याला ‘लांब बाकावर सरकवणं’ म्हणतात, आणि ते बाक इथलंच असं इथले गाइड सांगतात. सभागृह फक्त गाइडबरोबरच बघता येतं, वेळ आधी ठरवा.

नॉयफारप्लात्सवर पांढऱ्या काँक्रीटचं बसकं शिल्प आहे. मुलं त्यावर बसून आइस्क्रीम खातात. तो १५१९ साली पाडलेल्या सिनेगॉगचा आराखडा आहे. ज्यूंची अख्खी वस्तीच तेव्हा उठवली होती. हे ठाऊक नसताना मीही तिथे बसून बरीच आइस्क्रीमं खाल्ली आहेत.

आईंसाठी केझेश्पेत्स्ले, म्हणजे चीज घातलेल्या जाड शेवया. मात्र ‘ओने श्पेक’ (डुकराच्या मांसाशिवाय) असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं की डुकराचे बारीक तुकडे येतात. ते इथे मांसात धरत नाहीत बहुतेक!

वालहाला, म्हणजे गावाबाहेरच्या टेकडीवरचं देवळासारखं स्मारक, गाळा. ३५८ पायऱ्या आहेत.
– एक रेगेन्सबुर्गकर

---

ताईंशी सहमत, पण वालहाला बोटीतून खालूनच बघा की. डोनाउ (डॅन्यूब) नदीवरून ते जास्त देखणं दिसतं. आणि दगडी पूल कसा विसरलात? ११३५ ते ११४६, अकरा वर्षांत बांधला. डोम बांधणाऱ्याशी लावलेली पैज जिंकायला पूल बांधणाऱ्याने सैतानाशी करार केला, आणि पुलावरून जाणारे पहिले तीन जीव म्हणून त्याला कोंबडा, कोंबडी आणि कुत्रा दिला, अशी दंतकथा आहे.
– न्युर्नबर्गहून

---

सगळ्यांचे आभार. बाबा निवृत्त इंजिनियर, त्यामुळे पुलावरच दोन तास गेले. प्रत्येक कमानीपाशी वाकून बघत होते, गुडघ्याचं नावही काढलं नाही. राटहाउसची वेळ अर्थातच चुकली. “सभा अजून चालू असेल,” बाबा म्हणाले, “पुढच्या वर्षी बघू.”