पोटाचा घेर आणि चरबी गोठवणारे यंत्र: खर्च आधी कुठे करावा?

रामदासपेठी (धागाकर्ता):
चरबी गोठवून पोट कमी करून देणाऱ्या क्लिनिकच्या पाट्या नागपूरच्या रामदासपेठ-धरमपेठेत आता जागोजागी दिसतात. ज्याचा घेर वाढला आहे त्याने तिथे पैसे भरण्याआधी स्वतःचे ताट तपासावे, असे माझे मत आहे. चरबी गोठवण्याच्या या पद्धतीत, म्हणजे क्रायोलिपोलिसिसमध्ये, त्वचेखालच्या चरबीचा थर यंत्राच्या कपात ओढून थंड करतात. थंडीने त्वचेपेक्षा चरबीच्या पेशी लवकर मरतात आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत शरीर त्यांचा निचरा करते. त्या जागेचा थर साधारण २० ते २५ टक्के घटतो, हे मान्य. परंतु यकृताभोवती आणि आतड्यांभोवती साचणारी, मधुमेहाशी अधिक निगडित असलेली चरबी त्या कपात येतच नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००४ साली आलेल्या अभ्यासात १५ लठ्ठ स्त्रियांची सुमारे १० किलो चरबी लायपोसक्शनने, म्हणजे नळीने शोषून घेणाऱ्या शस्त्रक्रियेने, काढली, तरी १० ते १२ आठवड्यांनंतर त्यांचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल किंवा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला नव्हता. शस्त्रक्रियेने जे साधले नाही ते यंत्राने कसे साधेल?

उलट अंबाझरी तलावावर पहाटे तासभर चालून आलेली मंडळी पोह्यांच्या गाडीवर थांबतात, लाल तवंगाची तर्री दुसऱ्यांदा मागून घेतात आणि ‘पोहे हलकेच असतात’ असे एकमेकांना सांगतात. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, हा हिशेब तिथे कोणी करत नाही.

सेमिनरी हिल्स:
असहमत. आपण दोन निराळ्या गरजांची गल्लत करत आहात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१० मध्ये या पद्धतीला कमरेच्या बाजूंसाठी मंजुरी दिली ती शरीराच्या आकारासाठी. वजन किंवा साखर उतरवण्याचा दावा त्यात नव्हताच. माझ्या मावसबहिणीने बाळंतपणानंतर खाणेपिणे सांभाळून वजन पूर्ववत केले, तरी ओटीपोटावरची वळी गेली नाही. तिने स्वतःच्या पगारातून उपचार घेतले तर तिला मधुमेहाचा धाक कशासाठी? आणि ताट तपासा म्हणणे सोपे आहे. भरल्या घरात फोडणीचे तेल ज्याच्या हाती असते, त्याचा घेर आपण बघत नाही.

महालवाला:
यंत्राला निरुपद्रवी समजू नये, एवढेच सांगतो. क्वचित परिणाम उलटा होतो आणि उपचार केलेल्या जागीच चरबी वाढून घट्ट उंचवटा तयार होतो. माजी सुपरमॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा यांनी २०२१ मध्ये स्वतःबाबत हेच जाहीर केले होते. त्यावर इलाज बहुधा शस्त्रक्रियेचाच असतो, म्हणजे जे टाळायला गेलो तेच पदरी पडते.

वर्धा रोड:
शस्त्रक्रियेविना उपचार म्हणजे केवळ यंत्र नव्हे. सेमाग्लूटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनच्या २०२१ मधील मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के उतरले. मात्र औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातले दोन तृतीयांश परत आले. त्यामुळे ताटाचा प्रश्न तिथेही सुटत नाही. आणि ही इंजेक्शने डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय, ओळखीच्या दुकानातून घेण्याची तर मुळीच नाहीत.

रामदासपेठी (धागाकर्ता):
@सेमिनरी हिल्स, आपल्या बहिणीबद्दल माझी तक्रार नाही. माझा रोख त्या क्लिनिकवर आहे जिथे साखर तपासल्याचे विचारतही नाहीत आणि थेट पॅकेजचा कागद पुढे सरकवतात. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही कमरेची मर्यादा धरतात. तिच्यापुढे गेलेल्या माणसाला आधी रक्ततपासणीस पाठवावे, तेलाची बाटली किती दिवस पुरते ते घरच्या सगळ्यांनी मिळून पाहावे, आणि भाताच्या जोडीला तुरीचे वरण व भाजी वाढवावी. यंत्राचा विचार त्यानंतर.

सेमिनरी हिल्स:
एवढे मान्य. मग ८०च्या आतल्या बायकांना तरी सुखाने क्लिनिकमध्ये जाऊ द्या.