आईवडील शिकलेले, तरी मुलगा असं का बोलतो?

दहावीची_आई:
आम्ही दोघंही पोस्ट ग्रॅज्युएट, दोघांच्याही नोकऱ्या, आणि परवा जेवताना आमचा पंधरा वर्षांचा लेक सहज म्हणाला, नोकऱ्या कमी असतील तर आधी पुरुषांनाच मिळायला पाहिजेत ना. मी हातातला घास धरून बघतच राहिले. धाकटी तेरा वर्षांची, ती लगेच तुटून पडली त्याच्यावर. एकाच घरातली दोन मुलं, मग हे येतं कुठून? शिकलेल्यांची मुलं समानता मानतात हे आपण धरूनच चालतो, त्यात काही तथ्य आहे की नाही?

अर्धवट_शहाणा:
गंमत म्हणजे आयसीसीएस म्हणून एक आंतरराष्ट्रीय पाहणी आहे, त्यात आठवीच्या मुलांना जवळपास हाच प्रश्न विचारतात. 2016 साली 24 देशांत झाली, मुली समानतेच्या बाजूने मुलांपेक्षा जास्त होत्या. म्हणजे तुमचं घर काही जगावेगळं नाही.

उशिरा_उठणारी:
शिक्षणाने फरक पडतो हो, आई कमावती असली की अजून, पण डिग्री भिंतीवर राहते आणि मुलं बघतात आपल्याला. हरियाणातल्या सरकारी शाळांमधली मुलं आणि त्यांचे आईबाप यांच्यावर एक अभ्यास 2019 ला आला होता, त्यात पालकांची मतं मुलांत उतरतात हे दिसलं, आणि बापापेक्षा आईची जास्त. (म्हणजे इथेही जबाबदारी आईवरच, असो.) पण पंधरा म्हणजे उशीर झाला असं अजिबात समजू नका, तिथल्याच शाळांत सातवी ते दहावीच्या मुलांशी अडीच वर्षं वर्गात ह्याच विषयावर बोलत राहिले, तर काही जणांची मतं बदलली आणि मुलगे घरकामात जास्त हात लावायला लागले, निदान त्यांनी तसं सांगितलं तरी.
एक विचारू का ताई, रागावू नका. जेवताना पाणी संपलं की कोण उठतं तुमच्याकडे?

दहावीची_आई:
मी. नाहीतर धाकटी.
तुमचं वाचून काल मुद्दाम बसून राहिले. पाण्याचा जग रिकामा, पाच मिनिटं कोणी हललं नाही, शेवटी धाकटी उठायला लागली तर तिचा हात धरून खाली बसवलं. लेक मोबाईलमध्ये. आणि नवरा, एम.टेक. झालेला माझा नवरा, म्हणतो, "आज पाणी ठेवलं नाहीस का?"