समुद्रावर कॅमेरा चालवलेले नागपूरकर, लिहा

गेल्या डिसेंबरात वर्धा रोडवरच्या एका लॉनवर रिसेप्शन होतं. मी मुलीकडून, दुसरा फोटोग्राफर मुलाकडून. स्टेजपुढे लांब रांग. हा माणूस प्रत्येक कुटुंबाला खांद्याला हलका हात लावून एक पाऊल सरकवायचा, हनुवटी जरा खाली घ्यायला लावायचा, दोन क्लिक, की पुढचे. एका कुटुंबाला पंधरा सेकंदही लागत नव्हते आणि कुणालाच घाई झाल्यासारखं वाटत नव्हतं. जेवायला बसल्यावर मी त्याच्या बाजूची खुर्ची घेतली आणि विचारलं, "कोणतं जहाज?" त्याने हातातला घास ताटात ठेवला. रात्री दीडपर्यंत आम्ही पार्किंगमध्ये उभे राहून बोललो.

आपल्या गावातून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरी सीताबर्डीच्या, महालच्या, इतवारीच्या स्टुडिओंतून बरीच पोरं क्रूझवर फोटोग्राफर म्हणून गेली आणि परत येऊन लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला लागली. एकमेकांना ओळखतही नाहीत. म्हणून हे विचारतोय. काय काम होतं, काय लक्षात राहिलं, घरी काय सांगितलं नाही, जे वाटेल ते लिहा. माणसांची आणि कंपन्यांची नावं नकोत. वस्ती आणि साल पुरे.

सुरुवात मीच करतो.

गोकुळपेठ, २००१ ते २००८

पोहायला फुटाळा तलावात शिकलो होतो. मुंबईला ट्रेनिंगमध्ये लाइफ जॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारायची होती, ती जमली. आगीचं, प्रथमोपचाराचं, जीव वाचवण्याचं असे कोर्स, मग सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक, मग अमेरिकेचा जहाजावरच्या कर्मचाऱ्यांसाठीचा सी-वन-डी व्हिसा. घरी वाटलं, पोरगा फोटो काढायला चाललाय, आगीचं शिक्षण कशाला? पण जहाजावर प्रत्येकाला दुसरं एक काम असतंच. सात छोटे भोंगे आणि एक लांब, असा धोक्याचा इशारा वाजला, की माझी जागा जिन्यावर, प्रवाशांना वाट दाखवायला. कॅमेरा असेल तिथे ठेवायचा.

माझं पहिलं काम गँगवेवर, म्हणजे जहाजात चढायच्या पुलावर. मायामीला जहाजात चढणारा प्रत्येक माणूस माझ्यासमोरून जायचा. अडीच हजार माणसं, चार-पाच तास. कुणी विमानातून थेट आलेलं, कुणी भांडत आलेलं, कुणाला फोटो नकोच. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे प्रिंट गॅलरीच्या रॅकवर लागायचे. लोक स्वतःला शोधत फिरायचे आणि आम्ही बाजूला उभे राहून कोण हसतं ते बघायचो. विकले गेले नाहीत ते प्रवासाच्या शेवटी फाडायचे. पहिल्या खेपेला मला फाडता आले नाहीत. एका म्हाताऱ्या जोडप्याचा फोटो मी दोन दिवस माझ्या बंकखाली ठेवला होता. नंतर सवय झाली, पण मला ते काम शेवटपर्यंत आवडलं नाही.

इतवारी, १९९६ ते २००३

मी लॅबवाला. तुम्ही सगळे वर फोटो काढून राहिले होते, तेव्हा मी खाली होतो, खिडकी नसलेल्या खोलीत. म्हणून जरा जास्त लिहितो, आमच्याबद्दल कोणी लिहीत नाही.

माझ्या वडिलांचा इतवारीत स्टुडिओ. ब्लॅक अँड व्हाइटचा डेव्हलपर, म्हणजे फोटो उमटवणारं केमिकल, २० अंशाला लागतो आणि आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणीच त्याच्या कितीतरी वर असतं. मी शाळेत असताना बर्फाची लादी आणून फोडायचो आणि ट्रेच्या भोवती लावायचो, ते माझं पहिलं काम. जहाजावर गेलो तर कलर निगेटिव्हचा डेव्हलपर ३७.८ अंशाला. दशांशसुद्धा सोडायचा नाही. सव्वातीन मिनिटं. मशीन सगळं करते, पण मशीनला काय होऊन राहिलंय ते माणसाला कळावं लागते. मला ते तापमान बोटाला कळायचं, कारण आमचं अंगणातलं टाकं उन्हाळ्यात दुपारी बरोबर तसंच लागायचं.

मशीन जमिनीला बोल्टने ठोकलेली असायची. पण टाकीतलं पाणी कोण ठोकणार? समुद्र खवळला की केमिकल एका टाकीतून दुसऱ्या टाकीत उडायचं. कागदाच्या मशीनमध्ये डेव्हलपरच्या बाजूलाच ब्लिक्स, म्हणजे कागदावरची चांदी काढून टाकणारं केमिकल. त्याचे थोडे थेंब डेव्हलपरमध्ये गेले की रंग गेलाच. एकदा पानगळीच्या दिवसांत युरोपातून कॅरिबियनला जाताना अटलांटिकमध्ये तीन दिवस असं चाललं. त्यातल्याच एका रात्री कॅप्टनची पार्टी, फॉर्मल नाइट. वर सगळे सूट आणि गाऊन घालून पडद्यासमोर उभे, लाइटचे स्टँड वाळूच्या पिशव्यांनी दाबलेले. खाली माझ्याकडे शंभरावर रोल येऊन पडलेले. रात्री साडेअकराला पहिल्या प्रिंटवर माणसांचे चेहरे पाहिले आणि समजलो. टाकी रिकामी केली, धुतली, नवीन केमिकल कालवलं, ३५ अंशापर्यंत तापवलं, टेस्ट स्ट्रिप काढली. तोवर दीड. पश्चिमेकडे जाताना रात्री घड्याळ एक तास मागे करतात. त्या रात्री तो एक तास मिळाला नसता तर सकाळी रॅक रिकामे दिसले असते. साडेसहाला शेवटचा प्रिंट लावला. मी डेकवर जाऊन उभा राहिलो. कोणाला काहीच माहीत नव्हतं. मला फार समाधान वाटलं, आजही वाटते.

आणखी एक. वापरलेल्या केमिकलमध्ये चांदी असते. ते ड्रममध्ये भरून बंदरावर उतरवायचं असा नियम. १९९९ मध्ये एका मोठ्या क्रूझ कंपनीने तेल आणि फोटो लॅबची केमिकल समुद्रात सोडल्याचं अमेरिकेच्या कोर्टात कबूल केलं, १ कोटी ८० लाख डॉलर दंड बसला. त्यानंतर आमच्या ड्रमची मोजणी फार कडक झाली. चांगलंच झालं. ज्या पाण्यावर सात वर्षं जेवलो त्यात विष सोडणारा माणूस माझ्या लेखी कारागीर नाही.

डिजिटल आलं तशी माझी खोली छोटी झाली. मी परत आलो.

मानेवाडा, २०१०, एकच कॉन्ट्रॅक्ट

नसाऊला मी गँगवेवर समुद्री चाच्याचा पोशाख घालून उभा राहायचो. दाढी, डोळ्यावर काळी पट्टी, रबरी तलवार. ऊन भरपूर, पण ऊन आपल्याला नवीन नाही. एक चार-पाच वर्षांची मुलगी मला पाहून जोरात रडली. मी गुडघ्यावर बसलो आणि पट्टी वर करून दुसरा डोळा दाखवला. ती थांबली, माझ्या गालाला हात लावून पाहिला. फोटो आलाच नाही, कारण मित्र कॅमेरा खाली करून बघत राहिला होता. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन आलेल्या पोरांचे फोटो मी दरवर्षी काढतो. पोरगं रडलं की अजूनही तसंच करतो, खाली बसतो आणि थांबतो.

प्रतापनगर, २०१३ ते २०१७

मुलगी म्हणून घरी समजावायला एक वर्ष लागलं, ते राहू द्या.

माझं काम पोर्ट्रेट आणि गॅलरीतली विक्री. पगार थोडा, कमिशनवर सगळं. रोज आकडा फळ्यावर लिहिलेला असायचा आणि ज्याचा कमी, त्याला सगळ्यांसमोर विचारायचे. मला याचा राग होता आणि आहे. फोटो चांगला असला तरी माणूस गरीब असेल तर तो विकत घेणार नाही. यात फोटोग्राफरचा काय दोष?

अलास्काच्या एका फेरीत एका बाईंचे यजमान तिसऱ्या दिवशी जहाजावरच वारले. जूनोला त्या उतरून गेल्या नाहीत. शेवटचं बंदर त्यांच्या घराच्या जास्त जवळ होतं, म्हणून जहाजावरच राहिल्या. शेवटच्या रात्री गॅलरी बंद करताना आल्या. एवढंच म्हणाल्या, "आमचे काढले होते का?" जहाजावरच्या कार्डाचा नंबर त्यांनी कुठल्याही फोटोला लावला नव्हता, एकही फोटो घेतला नव्हता. फेरी संपली की सर्व्हर रिकामा करतात, पुढच्या लोकांसाठी जागा हवी असते. म्हणजे सकाळपर्यंतचाच वेळ. आम्ही तिघं बसलो, मी, एक फिलिपिनो दादा आणि एक सर्बियाची मुलगी. हजारो चेहरे एकेक करून पाहिले. यजमानांचा चेहरा आम्हाला माहीत नव्हता, म्हणून बाईंना शोधत होतो आणि त्यांच्या बाजूला कोण उभं आहे ते पाहत होतो. चार सापडले. तीन नीट, पडद्यासमोरचे. चौथा केचिकानच्या धक्क्यावरचा. त्यात वारा आहे, यजमानांनी टोपी हाताने दाबून धरली आहे आणि ते कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत, कुणाला तरी काही सांगताहेत. आम्ही तो वाया गेलेला समजत होतो. बाईंनी तोच घेतला. बाकीचे तीन त्यांनी पाहिले आणि परत ठेवले.

तेव्हापासून मी लग्नात "इकडे बघा" कमी म्हणते.

बेसा, २००८

मी गेलोच नाही, तरी लिहितोय, कारण हे वाचणाऱ्यांत जाणारी पोरंही असतील. एका एजंटला मी "जागा पक्की करायला" ८० हजार दिले, वडिलांनी शेताच्या कर्जातून काढून. तो ऑफिस बंद करून गेला. आता नियम स्पष्ट आहे. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, तो २०१३ पासून लागू आहे आणि भारताने २०१५ मध्ये मान्य केला, नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. मेडिकल, सीडीसी आणि पासपोर्टचा खर्च तेवढा आपला. एजंटकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याचा, खलाशी भरतीचा आरपीएसएल परवाना आहे का, ते त्यांच्या साइटवर पाहता येतं. परवाना नसेल तर चहासुद्धा पिऊ नका.

महाल

मी आई. मुलगा २००५ ते २०१२ होता. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला फोन वाजला की तिकडे आदल्या रात्रीचे आठ. पाच मिनिटांचं कार्ड. त्यातली दोन मिनिटं तर मी "जेवला का" यातच घालवायची. तो सगळ्या जगाचे फोटो काढत होता पण त्याचा स्वतःचा जहाजावरचा फोटो आमच्या घरी एकच आहे आणि तोही आयडी कार्डावरचा. मी त्याला किती वेळा म्हटलं, बाळा, कोणाला तरी सांग ना, तुझा काढायला. तुम्हा लोकांकडे आहेत का स्वतःचे?

नंदनवन, २०१६ ते २०२०

काकू, तुम्ही विचारलं म्हणून लिहितो, नाहीतर मी नुसतं वाचत होतो.

मार्च २०२० मध्ये प्रवासी उतरले आणि आम्ही जहाजावरच राहिलो. भारतात येणारी विमानं बंद. बहामाजवळ नांगर टाकून उभे. आजूबाजूला तशीच जहाजं, रात्री दिवे लागले की एखादं शहर वाटावं असं, पण माणूस दिसायचा नाही. आम्हाला प्रवाशांच्या बाल्कनीच्या खोल्या दिल्या, एकेकाला एक. चार वर्षं पाण्याच्या पातळीखाली झोपलेल्या माणसाला बाल्कनी मिळाली, आणि बाहेर पडायला बंदी.

बंदी थोडी सैल झाली तेव्हा मॅनेजरने विचारलं, स्टोअरमध्ये कागद पडलाय, त्याचं काय करायचं? आम्ही म्हटलं, क्रूचे फोटो काढू. फॉर्मल नाइटचा पडदा लावला, मोठा जिना रंगवलेला. त्या पडद्यासमोर आमच्यापैकी कुणी कधी उभं राहिलं नव्हतं, परवानगीच नव्हती. अंतर ठेवून रांग लागली, खालच्या लांब कॉरिडॉरपर्यंत, ज्याला सगळे आय-९५ म्हणतात. लाँड्रीतला इंडोनेशियाचा माणूस इस्त्री केलेला शर्ट घालून आला. इंजिन रूमचा एक गोव्याचा काका पंचवीस वर्षं समुद्रावर होता. म्हणाला, बाबा, हा माझा पहिला फोटो, जो मी बायकोला पाठवीन. भांडी घासणारी पोरं चौघं मिळून उभी राहिली. मी त्यांना प्रवाशांसारखंच केलं, एक पाऊल डावीकडे, हनुवटी खाली. कुणाकडूनही पैसे नाही. पाच दिवसांत कागद संपला. शेवटचा कागद सहकाऱ्याने माझ्यासाठी ठेवला होता.

जूनमध्ये जहाज आम्हाला घेऊनच मुंबईला आलं. तो फोटो माझ्या आईच्या देवघराजवळ आहे. पुन्हा गेलो नाही.

गोकुळपेठ, पुन्हा

काकूंचा प्रश्न वाचून मी काल कपाट उघडलं. माझ्याकडे स्वतःचा जुना फिल्म कॅमेरा असायचा. जानेवारी २००४ मध्ये पनामा कालव्यातून गेलो होतो, सकाळी सहापासून. जहाज लॉकमधून, म्हणजे पाणी भरून जहाज उचलणाऱ्या हौदांतून, गाटून तलावापर्यंत २६ मीटर वर चढतं, तेवढा वेळ प्रवासी कठड्याला. आम्ही क्रूवाले पुढच्या बाजूला खालच्या मोकळ्या डेकवर जमलो होतो, लॉकच्या भिंती इतक्या जवळ की हात लावावा. त्या दिवशी मी आमच्याच लोकांचे ३६ फोटो काढले. काकू, तुमच्या मुलाच्या आधीचे हे लोक, पण काम तेच. रोल धुवायचा राहिला. मग डिजिटल आलं, घर बदललं, लग्न झालं. तो डबीत तसाच आहे.

इतवारीवाले दादा, काही होईल का?

इतवारी

वीस उन्हाळे नागपुरात काढलेला रोल आहे, हे आधी लक्षात घ्या. धूसरपणा येईल, रंग सरकले असतील, सावल्या गेल्या असतील. माणसं ओळखू यायला हरकत नाही. केमिकल मी मुंबईहून मागवतो, छोटी टाकी घरी आहे. मशीन नाही, पण ३७.८ अजून बोटाला कळते.

पुढच्या रविवारी सकाळी सातला या, ऊन चढायच्या आत. डबी गाडीच्या डिकीत ठेवू नका, खिशात आणा. नंदनवनवाल्या पोरालाही घेऊन या, त्याने फिल्म धुताना पाहिली नसेल. आणि काकू, तुमच्या मुलाला पाठवा. मी त्याचा एक काढतो.