फायबरच्या नावेचा तळ आणि गंजलेलं लोखंड, पावसाच्या आत काय करून घ्यावं?

काठावरचा :
नमस्कार मंडळी. नरसोबाच्या वाडीजवळ आमची मासेमारीची नाव असते. फायबरची, १८ फुटी, मालवणकडून जुनीच आणलेली. २०१९ आणि २०२१ च्या पुरात माणसं, शेळ्या, सिलिंडर सगळं वाहिलं तिनं, आणि त्यात तळ चांगलाच घासला. दोन चिरा आहेत, एका जागी आतली मॅट, म्हणजे काचतंतूंची चटई, उघडी पडलीय. इंजिन अडकवायचा लोखंडी ब्रॅकेट, काठाचे पाइप, दोराचे हुक यांचे तर पापुद्रे सुटतायत. लोखंड कोल्हापूरच्या उद्यमनगरात पावडर कोटिंगला (रंगाची भुकटी भट्टीत भाजून बसवतात ते) द्यावं असं माझ्या मनात आहे. तळाला डांबर मारू म्हणतायत वडील. कुणी असं काम करून घेतलंय का?

उद्यमनगरकर :
भावा, पावडर कोटिंग गेटला झकास, नावेला नको. दोर, साखळी, जाळ्याचं शिसं रोज घासणार. एक टवका उडाला की पाणी सालीखाली शिरतं, मग वरून हुपरीच्या चांदीसारखी लखलख आणि आत भुगा. हॉट डिप गॅल्वनायझिंग कर, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून लेप. जस्त ओरखडलं तरी शेजारचं जस्त आधी झिजतं, लोखंड वाचतं. दर किलोवर असतो.

देण्याआधी दोन गोष्टी बघ. जुना रंग पूर्ण काढून दे, कारण त्यांच्या ॲसिडनं गंज जातो, रंग जात नाही. आणि दोन्ही टोकं बंद असलेल्या पाइपला भोकं पाडल्याशिवाय देऊच नकोस. जस्ताची टाकी साधारण ४५० अंशाला असते. आत कोंडलेल्या पाण्याची वाफ झाली तर पाइप फुटतो आणि टाकीपाशी उभी असलेली माणसं भाजतात. वेल्डिंग, भोकं, जे काय करायचं ते आधीच. नंतर वेल्डिंग मारलंस की तिथलं जस्त जळालंच म्हणून समज.

रेझिनवाला :
काका म्हणतायत ते डांबर कृपा करून मारू नका. लाकडी नावेला ते चालत आलंय, फायबरवर एकदा बसलं की पुढं त्या जागी रेझिन (मॅट चिकटवून कडक करणारा राळेसारखा द्रव) धरत नाही.

आधी नाव पालथी घालून वाळवा. वाळली का बघायला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीनं तळावर लावून उन्हात ठेवा. आतून दव धरलं तर अजून थांबा.

मग चीर ग्राइंडरनं उतरती घासायची. नुसती भेगेत पुटी भरून भागत नाही. जाडीच्या बारा पट रुंद उतार हवा, म्हणजे ५ मिमी तळ असेल तर चिरेच्या दोन्ही बाजूंना ६ सेंमी. लोकांना हे फार वाटतं, पण पॅच धरून ठेवतो तो हा उतारच. ॲसिटोननं पुसून ४५० ग्रॅमची मॅट थरावर थर, एका थराला साधारण १ मिमी जाडी येते. रेझिन आयसोप्थॅलिक जातीचं मागा, साध्यापेक्षा पाण्याला जास्त टिकतं. हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) १ ते २ टक्के, पण मे महिन्यातल्या आपल्या उन्हात १ च्या जवळच राहा, नाहीतर डब्यातच दगड होईल.

आणि एक, हे विसरू नका. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात तो) वेगळा दिला असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा, हार्डनर त्यानंतर. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो.

मालवणी खलाशी :
सगळे तळाबद्दलच बोलतायत. तुमची खरी भीती मागच्या फळीत आहे, जिथे इंजिन लटकतं. फायबरच्या आत तिथे बहुतेक प्लाय असतो, आणि बोल्टच्या भोकांतून पाणी मुरून तो आतल्या आत कुजतो. हातोडीच्या दांड्यानं ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आतल्या बाजूनं बारीक भोक पाडून भुसा बघा. काळा, ओला निघाला तर बाकी कामं थांबवून प्लाय बदला. ७१० मार्काचा (IS 710) मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा, घ्या.

बोल्ट स्टेनलेसचे टाका. आमच्या खाऱ्या पाण्यात ३१६ ग्रेडचा लागतो, तुमच्या नदीत ३०४ वर काम भागेल. भोकांच्या कडा इपॉक्सीनं (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन) बंद करून मगच बोल्ट कसा.

काठावरचा :
ठोकून बघितलं. डाव्या बोल्टाशेजारी आवाज भद्दच येतोय. म्हणजे आधी फळी. ब्रॅकेट काढलाच आहे तर तोवर गॅल्वनायझिंगला टाकतो. वडिलांना डांबराचं अजून पटलेलं नाही, ते मी बघतो. शेवटचं विचारतो, पुरात लांबून दिसावं म्हणून काठाच्या पाइपांना नारिंगी ऑइल पेंट मारला तर?

उद्यमनगरकर :
जस्तावर थेट ऑइल पेंट मारू नकोस, काही महिन्यांत पापडासारखा सुटून येतो. आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्ताला धरणारा पहिला हात, त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग नारिंगी पीयू (पॉलियुरेथेन) रंग. पीयू फवारणार असशील तर साधा रुमाल उपयोगाचा नाही, गाळणीचा मास्क घाल आणि उघड्यावर कर.

मालवणी खलाशी :
रंग मारताना इंजिनच्या पायाला, त्याच्याऐवजी स्वतः झिजणारा जो जस्ताचा तुकडा असतो त्याला कागद लावून झाका. त्यावर रंग बसला तर तो काही कामाचा राहत नाही. बदलायला झाला असेल तर गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा मागा.