व्हेंजन्स : टाकाऊ माल, की कामाचं विमान?

रानवारा : दुसऱ्या महायुद्धात भारतीय हवाई दलाच्या 7 आणि 8 नंबर स्क्वाड्रनला व्हल्टी व्हेंजन्स ही अमेरिकी डाइव्ह-बॉम्बर, म्हणजे उभा सूर मारून बॉम्ब टाकणारी विमानं, मिळाली. माझं सरळ मत : युरोपात जी उडवायची इंग्रजांची छाती झाली नाही, ती आपल्या गळ्यात मारली. ब्रिटननं ही विमानं 1940 च्या उन्हाळ्यात मागवली. त्याच ऑगस्टात इंग्लंडवर चालून आलेल्या जर्मन स्टुका डाइव्ह-बॉम्बरांची ब्रिटिश फायटरांनी दाणादाण उडवली. माल हातात पडण्याआधीच शिळा झाला होता.

चिकित्सक : 'आपल्याच' गळ्यात कसा? रॉयल एअर फोर्सच्या 45, 82, 84 आणि 110 नंबर स्क्वाड्रनही बर्मा आघाडीवर हेच उडवत होत्या. बर्माच्या किनाऱ्यालगतच्या आराकानात जपानी डोंगरात बंकर खणून बसलेले, आपलं पायदळ त्यांच्या अगदी पुढ्यात. तिथे बॉम्ब नेमका पडणं महत्त्वाचं. व्हेंजन्सचे पंख धडाला शून्य अंशात, म्हणजे जराही तिरपे न ठेवता बसवलेले, त्यामुळे उभ्या सुरात विमान रेषा सोडत नसे. या एका कामात ते स्टुकाच्या तोडीचं होतं.

खवचट_काका : आणि त्याच शून्य अंशापायी एरवी सरळ उडतानाही नाक वर! उतरताना पायलटला पुढचं दिसायची मारामार. इंजिनाच्या तक्रारी वेगळ्याच. अमेरिकेनं स्वतः हे लढाईत नेलंच नाही. न्यू गिनीत ऑस्ट्रेलियनांनी नेलं, तर मार्च 1944 मध्ये तिथल्या दोस्त हवाई दलांचा अमेरिकी प्रमुख जनरल केनीनं काही आठवड्यांतच परत पाठवलं.

चिकित्सक : काका, तारीख छान काढलीत. त्याच मार्चमध्ये हेम चौधरींची 7 नंबर स्क्वाड्रन आसामात उदरबंदला आली, तिकडे इंफाळभोवती जपान्यांचा वेढा आवळत होता. निरंजन प्रसादांची 8 नंबर तर डिसेंबर 1943 पासूनच आराकानवर उडत होती. केनीकडे दुसरी विमानं होती. बर्मा आघाडी रसदीच्या रांगेत शेवटची, तिथे हाताशी आहे त्यानंच लढायचं.

रानवारा : म्हणजे दुसरं काही दिलंच नाही. मी वेगळं काय म्हणतोय?

चिकित्सक : नव्हतं म्हणून दिलं नाही, आणि असून दिलं नाही, यात फरक आहे की नाही?

खवचट_काका : एवढं गुणी होतं तर 1944 संपायच्या आत दोघांनीही सोडलं का? 8 नंबरला स्पिटफायर, 7 नंबरला हरिकेन, दोन्ही ब्रिटिश फायटर.

चिकित्सक : हरिकेन पहिल्यांदा उडालं 1935 मध्ये, व्हेंजन्स 1941 मध्ये. आता सांगा, शिळं कुठलं?

खवचट_काका : वय कोण विचारतंय! हरिकेन बॉम्ब टाकून वर फायटरशी दोन हात करू शकायचं. तुमच्या व्हेंजन्सला राखण लागायची.