निळ्यांना आत्ताच कप देऊ नका

बास्केटबॉल स्पर्धेच्या साखळी सामन्यांत सगळ्यात जास्त गुण केले म्हणून एका पोस्टमध्ये निळ्या जर्सीवाल्यांना आत्ताच विजेते ठरवून टाकलंय. मला नाही पटत. त्यांचे बहुतेक गुण फास्ट ब्रेकवर, म्हणजे समोरचे बचावाला परतायच्या आत धावत जाऊन, आलेत. प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, समोरचे पाचही जण धावत मागे येतात, मग खरी परीक्षा. रविवारी नागपाड्याला लाल संघाने झोन लावला (बचावात प्रत्येकाने आपापली जागा राखायची), तर निळ्यांचा चाली रचणारा पॉइंट गार्ड नुसता टप्पे मारत उभा. शॉटसाठीचे 24 सेकंद संपत आले की तीन गुणांच्या 6.75 मीटरच्या रेषेबाहेरून घाईघाईत शॉट. तीनदा तर रिंगलाही लागला नाही.

माझं मत लाल संघाला. क्वार्टरमधल्या पाचव्या सांघिक फाऊलपासून समोरच्याला दोन फ्री थ्रो (कोणी न अडवता मारायचे शॉट) मिळतात, आणि निळे फाऊल फार करतात. लाल संघाचा चष्मेवाला सेंटर (बास्केटजवळ खेळणारा) फ्री थ्रो घेताना बघा: तीन टप्पे, एक श्वास, चेंडू जाळीत. थकला तरी तेच.

शिवाय मे महिन्यातला मुंबईचा दमटपणा! उघड्या कोर्टवर चौथ्या क्वार्टरपर्यंत पाय जड होतात. लाल संघ नऊ जण आलटूनपालटून खेळवतो, निळ्यांचे तेच सहा. हिरव्या जर्सीवाले मात्र रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) सुधारल्याशिवाय पुढे जात नाहीत.